सोपा कॅमेरा आणि एक ब्लँक रोल

आई काश्मीरला निघाली आहे. बाबांबरोबर नाही, आमच्याबरोबरही नाही. तिच्यासारख्याच जिल्हा परिषदेच्या शाळांमधून निवृत्त झालेल्या सहा मैत्रिणींबरोबर. तिकिटं काढून झाली, थर्मल घेऊन झाले, कुणी किती भडंग आणायचं याची वाटणी झाली. मग एका रविवारी फोनवर ती मला म्हणाली, "तुला काही द्यायचंच असेल तर एक कॅमेरा दे. साधा. मला जमेल असा."

आधी मला वाटलं, फोन असताना कॅमेरा कशाला? पण तिची कारणं पक्की होती. फोनची मेमरी सुप्रभात आणि शुभ रात्रीने भरलेली. फोटो काढायला गेलं की मध्येच कुणाचा तरी फोन येतो. आणि स्क्रीन तिचं बोट ओळखत नाही. हे शेवटचं मला थट्टेत घेता आलं नाही, कारण ते खरं आहे. टचस्क्रीनला बोटाचा दाब कळत नाही, बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बारीक बदल कळतो. त्वचा फार कोरडी असेल तर तो बदल क्षीण होतो. तीस वर्षं खडू धरलेली बोटं आहेत ती. शिवाय काश्मीरच्या थंडीत हातमोजे घातले की विषयच संपला. तिला दाबलं की दाबलं गेलं असं कळणारं बटण हवं होतं.

मला खटकलं ते "मला जमेल असा" हे. कारण आमच्या घरात आईने कॅमेऱ्याला हात न लावण्याला एक इतिहास आहे.

साल २००२. मी पाच वर्षांची. आम्ही रामेश्वर-कन्याकुमारीला गेलो होतो, आजीला घेऊन. आजीची ती आयुष्यातली एकमेव लांबची यात्रा. बाबांकडे तेव्हा मामाने कुवेतहून आणलेला जपानी कॅमेरा होता, अंगठ्याने खटका ओढून रोल पुढे सरकवायचा त्यातला. फोटो बाबाच काढायचे. कन्याकुमारीला मात्र त्यांना आजीबरोबर उभं राहायचं होतं म्हणून त्यांनी कॅमेरा आईच्या हातात दिला. तिने एकदा बटण दाबलं. घरी आल्यावर रोल धुवायला टाकला आणि तो ब्लँक आला. एकही फोटो नाही. "तू घेताना मागचं झाकण उघडलं असणार," बाबा म्हणाले. पुढच्या वर्षी आजी गेली. समुद्रासमोरची आजी आमच्याकडे कुठेच नाही. त्यानंतर कुठल्याही सहलीत कुणी आईपुढे कॅमेरा धरला की ती दोन्ही हात मागे घ्यायची. "नको बाई, मला नाही जमत ते."

तर मी सवयीप्रमाणे एक एक्सेल शीट उघडली. किंमत, वजन, झूम, बॅटरी असे रकाने केले. चौदा मॉडेलं भरली. शेवटचा रकाना होता 'सोपा आहे का?' आणि तो मला भरता येईना. सगळ्याच कंपन्या आपला कॅमेरा सोपा आहे म्हणतात. नुसतं आज नाही, सव्वाशेहून जास्त वर्षं म्हणतायत. म्हणून मग मी हे सोपेपण आलं कुठून ते वाचत बसले आणि शीट तशीच राहिली.

*

योगायोग असा की प्रवासातला कॅमेरा सोपा नव्हता तेव्हा तो कसा होता, याचं एक ठळक उदाहरण काश्मीरचंच आहे. सॅम्युएल बोर्न हा इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या एका बँकेतला कारकून. फोटोग्राफीच्या नादाने नोकरी सोडून तो १८६३ मध्ये भारतात आला. १८६४ मध्ये तो काश्मीरच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर चाळीसेक हमाल होते. एका माणसाच्या फोटोंसाठी चाळीस माणसं, कारण तेव्हा कॅमेऱ्याबरोबर अख्खी डार्करूम न्यावी लागे.

ही वेट प्लेटची पद्धत होती. काचेच्या पट्टीवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि थर वाळायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, परत अंधारात नेऊन धुवायची. म्हणून तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी. एक चूक झाली की काच वाया. अशा अवस्थेत हिमालयातल्या खिंडी चढून त्या माणसाने काढलेले फोटो आजही बघत राहावेसे वाटतात. पण त्या चाळीस जणांपैकी एकाचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. फोटो 'बोर्नचा' आहे.

दुसरा बँक कारकून अमेरिकेतला, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातला. जॉर्ज ईस्टमन. १८७७ मध्ये, तेविशी-चोविशीत, त्याच्या डोक्यात कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोला जायचं आलं. सोबतच्याने सुचवलं, जातोयस तर फोटो काढून आण. ईस्टमनने वेट प्लेटचं सगळं सामान विकत घेतलं, पाच डॉलर देऊन शिकवणी लावली, आणि त्याच्या लक्षात आलं की हे ओझं नेण्यासाठी वेगळी गाढवं करावी लागतील. गाढवं ही माझी भर, पण त्याची तक्रार याच जातीची होती. तो त्या सहलीला गेलाच नाही. आज आपण खिशात घालतो त्या कॅमेऱ्याचा वंश एका रद्द झालेल्या सहलीपासून सुरू होतो, हे मला फार आवडलं. ट्रिप कॅन्सल झालेला प्रत्येक ग्रुप इतकं काही करून दाखवत नाही.

सहल गेली पण खाज राहिली. आधीच लावून वाळवलेल्या, हव्या तेव्हा वापरता येणाऱ्या काचांबद्दल त्याने इंग्लिश मासिकांत वाचलं होतं. दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटीनचे प्रयोग. कित्येकदा तिथेच शेगडीजवळ अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायचा. १८८० पर्यंत त्याने अशा कोरड्या काचांचा धंदा सुरू केला. मग काच काढून तिच्या जागी गुंडाळता येणारी पट्टी आणली. आणि १८८८ मध्ये पहिला कोडॅक बाजारात आला. या नावाला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. ईस्टमनला 'के' हे अक्षर आवडायचं म्हणून त्याने ते बनवलं.

हा कॅमेरा म्हणजे एक लांबट पेटी. किंमत २५ डॉलर. आत शंभर फोटोंची गुंडाळी आधीच भरलेली. बघायला खिडकी नाही. पेटीच्या डोक्यावरच्या रेघांवरून अंदाज घ्यायचा. दोरी ओढायची, किल्ली फिरवायची, बटण दाबायचं. झालं. शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेरा टपालाने रॉचेस्टरला पाठवायचा, सोबत दहा डॉलर. तिथले लोक फोटो धुवून, छापून, नवी गुंडाळी भरून कॅमेरा परत पाठवत. जाहिरातीचं म्हणणं होतं: बटण तुम्ही दाबा, बाकीचं आमच्याकडे लागलं.

इथे माझ्यातली इंजिनीयर जागी झाली. कारण वस्तू म्हणून हा कॅमेरा फार काही चमत्कारिक नव्हता. चमत्कार होता तो कामाच्या वाटणीत. ईस्टमनने फोटो काढणं सोपं केलं नाही. त्यातलं अवघड काम उचलून दुसऱ्या गावातल्या कारखान्यात नेऊन ठेवलं. बोर्नचे हमाल, तंबू आणि बाटल्या नाहीशा झाल्या नव्हत्या. त्या रॉचेस्टरच्या भिंतींआड गेल्या होत्या. आम्ही ऑफिसात रोज हेच करतो. यूजरला एक बटण दिसतं आणि त्या बटणामागे सतरा सर्व्हर धापा टाकत असतात.

*

१९०० मध्ये ब्राउनी आला आणि किंमत एका डॉलरवर आली. पुठ्ठ्याचा डबा, साधी भिंग, सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. पहिल्याच वर्षात लाखाच्या वर खपले. हा कॅमेरा मुलांसाठी म्हणून विकला गेला, जाहिरातींत मुलंच. त्याआधीच, १८९३ पासून, कोडॅकच्या जाहिरातींत 'कोडॅक गर्ल' दिसू लागली होती. पुढे तिचा पट्ट्यापट्ट्यांचा झगाच ठरून गेला. बोटीवर, डोंगरावर, मोटारीत, हातात कॅमेरा घेतलेली मोकळी बाई. त्या काळात बाईला एकटीने प्रवास करताना दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मान्य. त्या जाहिराती बघून खरंच किती तरी जणींनी कॅमेरा हातात घेतला असणार.

पण त्या जाहिरातींत एक न बोललेलं वाक्यही आहे. सोपं म्हणजे किती सोपं? तर बाईला आणि पोरालाही जमेल इतकं. 'मला जमेल असा' हे माझ्या आईने स्वतः बनवलेलं वाक्य नाही. ते तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय.

खिशात मावणारा कॅमेरा म्हणायचा तर १९१२ चा व्हेस्ट पॉकेट कोडॅक. घडी घातली की कोटाच्या आतल्या बंडीच्या खिशात बसायचा. दोन वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा 'सैनिकांचा कॅमेरा' झाला. आघाडीवर निघालेल्याला निरोपाची भेट म्हणून द्या, अशा त्याच्या जाहिराती होत्या. प्रवाशाला कॅमेरा भेट देण्याची पद्धत शोधत मी इथपर्यंत आले आणि जरा थांबले. हा प्रवास काश्मीरच्या सहलीसारखा नव्हता. ब्रिटिश सैन्याने कॅमेरे बाळगायला बंदी केली तरी पोरं खंदकांत ते लपवून नेत. घरच्यांनी दिलेली पेटी, घरच्यांना कधीच बघायची नसतील अशी दृश्यं.

याच कॅमेऱ्याचा सगळ्यात प्रसिद्ध नग मात्र उसना दिलेला होता. जून १९२४ मध्ये जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हिन एव्हरेस्टच्या शेवटच्या चढाईला निघाले तेव्हा त्यांच्या बरोबरच्या हॉवर्ड सॉमरवेलने मॅलरीला आपला व्हेस्ट पॉकेट कोडॅक दिला. ते दोघे परत आले नाहीत. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा नाही. तो सापडला तर थंडीत गोठलेल्या फिल्मवर काहीतरी उमटलेलं मिळेल आणि तेनसिंग-हिलरींच्या २९ वर्षं आधी कुणी शिखरावर पोचलं होतं का ते कळेल, या आशेवर गिर्यारोहक अजून तो शोधतायत. एका न धुतलेल्या रोलवर इतकं काही अडकून पडू शकतं. आमच्या घरात हे कुणाला वेगळं सांगायची गरज नाही.

*

आता रोलबद्दलच. कारण इथेच माझं वाचन आमच्या घरात शिरलं.

आपण ज्याला 'छत्तीसचा रोल' म्हणायचो ती ३५ मिलिमीटरची, दोन्ही कडांना भोकं असलेली पट्टी मुळात सिनेमाची. १९२५ मध्ये विक्रीला आलेल्या जर्मन लायकाने ती छोट्या कॅमेऱ्यांत रूढ केली. १९३४ मध्ये कोडॅकने ती पट्टी तयार पत्र्याच्या डबीत भरून विकायला काढली. पुढे फिल्मचं युग संपेपर्यंत तीच डबी चालली. फोटो चांगले यायचे, कॅमेरे लहान झाले. पण एक काम परत वापरणाऱ्याच्या गळ्यात आलं. डबीतून बाहेर आलेली फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळाच्या खाचेत नीट अडकवायची. ती अडकली नाही तर झाकण बंद होतं, खटका ओढला जातो, बटण दाबलं जातं, 'खटक्' असा आवाजही होतो. आकडाही पुढे सरकतो. फक्त फिल्म डबीतून बाहेर येत नाही.

हे वाचताना मी सावरून बसले.

पुढे लिहिलं होतं की अशा कॅमेऱ्यांत फिल्म नीट चालली आहे की नाही हे ओळखायची एक खूण असते. खटका ओढताना डाव्या बाजूची रोल गुंडाळायची गुंडी आपोआप उलटी फिरायला हवी. ती फिरत नसेल तर समजावं, आत काही हलत नाहीये. आणि आणखी एक: रोल संपला की खटका जड होऊन अडतो. न अडकलेल्या रोलमध्ये तो अडतच नाही. आकडा छत्तीसच्या पुढे जात राहतो.

मी त्या शनिवारी घरी गेले. आईला विचारलं, कन्याकुमारीच्या रोलचं नक्की काय झालं होतं, आठवतंय का? तिला सगळं आठवत होतं. "तुझे बाबा तर किती खूश होते तेव्हा. छत्तीसच्या रोलमध्ये चाळीस निघाले म्हणून सगळ्या बसला सांगत होते."

त्या काळात छत्तीसच्या रोलमधून सदतीस, फार तर अडतीस काढणं हा मध्यमवर्गीय पराक्रम होता. चाळीस हा पराक्रम नव्हता, पुरावा होता.

मग आईने कपाटातून अल्बमची पिशवी काढली आणि तळातून एक पिवळं पाकीट. स्टुडिओवाल्याने तो ब्लँक रोल न कापता, सुरळी करून परत दिला होता आणि तिने तो बावीस वर्षांहून जास्त काळ ठेवला होता. का ठेवला होता, ते मी विचारलं नाही.

मी ती पट्टी उजेडात धरली. निगेटिव्हचं गणित उलटं असतं: जिथे प्रकाश लागला तिथे फिल्म काळी होते, जिथे लागला नाही तिथे आरपार राहते. रंगीत फिल्म असेल तर आरपार म्हणजे नारिंगी. मागचं झाकण मध्येच उघडलं असतं तर बाहेर आलेल्या फिल्मवर प्रकाश पडून ती काळीठिक्कर व्हायला हवी होती. पट्टीचं फक्त टोक, वीतभर, काळं होतं. रोल भरताना जेवढी जीभ उघडी असते तेवढं. बाकी सगळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नितळ नारिंगी. झाकण कुणी उघडलं नव्हतं. फिल्म पहिल्यापासून डबीतच बसून होती. आईने ज्या एका क्षणी बटण दाबलं तो क्षण फक्त कन्याकुमारीच्या समुद्रावर गेला, आणि त्याच्या आधीचे बाबांचे एकोणचाळीसही तिथेच गेले.

आमच्या ऑफिसात एखादी तक्रार आली आणि आपल्या कोडमध्ये चूक सापडली नाही की ती 'यूजर एरर' असा शेरा मारून बंद करता येते. मीही केल्यात. तो शेरा ज्याच्यावर बसतो त्याला कधी कळतही नाही. आईवर तो बसला आणि तिला रोज कळत राहिला.

*

गंमत म्हणजे हा रोल न अडकण्याचा प्रश्न आमच्या सहलीच्या चाळीस वर्षं आधी सोडवून झाला होता. १९६३ मध्ये कोडॅकने इन्स्टामॅटिक काढला. त्यात फिल्म प्लास्टिकच्या बंद कार्ट्रिजमध्ये यायची. झाकण उघडायचं, टाकायचं, बंद करायचं. जीभ नाही, खाच नाही, उलटी घालायची सोय नाही. असे कोट्यवधी कॅमेरे खपले. ज्यांनी तो बनवला त्यांनी बहुधा पाहिलं होतं की लोक बटण दाबण्यात चुकत नाहीत, भरण्यात चुकतात.

जपानमध्ये ऑलिंपसचा तरुण अभियंता योशिहिसा माइतानी याने त्याच सुमारास वेगळीच युक्ती केली होती. त्याचा पेन हा १९५९ चा छोटा कॅमेरा एका फोटोच्या जागेत दोन घ्यायचा. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर. (बाबांना हा मिळायला हवा होता.) १९६१ च्या पेन ईई या मॉडेलमध्ये भिंगाभोवती सेलेनियमचं कडं होतं. प्रकाश पडला की त्यात वीज तयार होते, त्यावर सुई हलते आणि प्रकाश किती आत घ्यायचा ते ठरतं. बॅटरी नाही. आणि उजेड फारच कमी असेल तर बटण दाबल्यावर खिडकीत एक लाल जीभ वर येते आणि शटर उघडतच नाही. म्हणजे वाईट फोटो काढून देऊन नंतर तुम्हाला दोष देण्यापेक्षा कॅमेरा तिथल्या तिथे सांगतो: आत्ता नको. ही लाल जीभ मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सभ्य गोष्ट वाटते. आमच्या कॅमेऱ्यातही माहिती होती, ती न फिरणाऱ्या गुंडीत होती. पण ती कुणी मोठ्याने सांगत नव्हतं.

पुढचं भराभर घडलं. १९७५ मध्ये कोनिकाने फ्लॅश कॅमेऱ्याच्या अंगातच बसवला. १९७७ मध्ये त्याच कंपनीचा सी-३५ एएफ आला: जगातला पहिला स्वतः फोकस करणारा विक्रीचा कॅमेरा. फोटो बिघडायची दोन मोठी कारणं म्हणजे अंधार आणि अस्पष्टपणा. दोन्ही दोन वर्षांत कॅमेऱ्याच्या अंगावर गेली. १९७९ च्या कॅननच्या ऑटोबॉयमध्ये रोल पुढे सरकवायलाही मोटर होती. १९८३ पासून डब्यांवर चंदेरी-काळे चौकोन आले. फिल्म किती वेगाची आहे ते कॅमेरा त्यावरून स्वतःच वाचू लागला. एकेक करून माणसाने चुकायच्या जागा बंद होत गेल्या.

आपल्याकडे हे सगळं उशिरा, अर्धवट आणि कुणाच्या तरी बॅगेतून आलं. आयात कॅमेऱ्यांवर जबर कर होता. देशात बनणारा म्हणजे बडोद्याला तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री, जो आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक घरांतला पहिला कॅमेरा होता. बारा फोटोंचा मोठा रोल आणि ऊन की ढग एवढाच निर्णय. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, 'इंदू' नावाची फिल्म बनवणारा. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला. त्यात तर फोकस करायचाच नाही. भिंगाचं छिद्र इतकं बारीक ठेवायचं की साधारण चार-पाच फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट यावं. अचूक काहीच नाही, पण चुकीचंही काही नाही. मला ही तडजोड फार भारतीय वाटते. आणि याहून भारी कॅमेरा हवा असेल तर आखातातला मामा. असे कॅमेरे भेट म्हणून येत, पण बरोबरचं माहितीपुस्तक जपानीत किंवा इंग्रजीत असायचं, किंवा खोक्याबरोबर विमानतळावरच टाकून दिलेलं असायचं. गुंडी फिरायला हवी, हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्यांचा राग येईना तो त्यामुळे.

डिजिटलने शेवटचा प्रश्न सोडवला. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० मध्ये फोटो होता जेमतेम पाव मेगापिक्सेलचा, पण पाठीवर रंगीत पडदा होता. काढलेला फोटो तिथेच दिसायचा. रोल ब्लँक आला हे आठ दिवसांनी दुकानात कळण्याची शक्यता त्या पडद्याने संपवली. मग सगळ्यांच्या मनगटाला चंदेरी डबी लटकू लागली. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी मिळून १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे जगभर पाठवले, बहुतेक सगळे छोटे कॉम्पॅक्ट. २०२३ मध्ये सगळे प्रकार मिळून ही संख्या ८० लाखांच्या आत होती आणि त्यात कॉम्पॅक्ट वीस लाखही नव्हते. उरलेले फोन खाऊन गेला.

*

त्यामुळे आज सोपा कॅमेरा विकत घेणं हेच अवघड काम होऊन बसलंय. नवे जे मिळतात ते एक तर खेळण्यासारखे, नाही तर लाखाच्या घरातले आणि मेन्यूत मेन्यू असलेले. मी शेवटी दहाएक वर्षांपूर्वीचा, वापरलेला पण बरा राहिलेला एक कॉम्पॅक्ट घेतला. चौदा रकान्यांऐवजी तीनच गोष्टी बघितल्या. चालू करायचं बटण आणि फोटोचं बटण डोळे मिटून, हातमोजा घालून वेगळं ओळखता येतं का. झूम बोटाने फिरवायच्या कड्यावर आहे का. आणि कार्ड भरलं, बॅटरी उतरली, हात हलला तर तो शब्दांत सांगतो का. नुसता लाल दिवा लुकलुकवत बसत नाही ना. वर एक जास्तीची बॅटरी, मनगटाचा पट्टा, आणि मोड बदलायच्या चकतीवर 'ऑटो'पाशी माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका हलला असेल तर परत जागेवर आण, एवढंच मॅन्युअल.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कंपनीने सोपी केलेली नाही. फोटोचं बटण आधी अर्धं दाबायचं, कॅमेऱ्याला फोकस करू द्यायचा आणि मग पूर्ण दाबायचं. फोनवर वाढलेल्या माणसाला हे माहीतच नसतं. आईला मी तीनदा समजावलं.

"अर्धं म्हणजे किती?"

मला सांगता येईना. तिने स्वतःच चार-पाच वेळा दाबून बघितलं. मग म्हणाली, "आंबा पिकलाय का बघतो तसं, ना? बोट रुतवायचं नाही."

बाबा तेव्हा खिडकीपाशी उभे होते. मी ती नारिंगी पट्टी त्यांच्या हातात दिली होती आणि चाळीसचं गणित सांगितलं होतं. ते बराच वेळ ती उजेडात धरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत बघत होते. दुसऱ्या टोकाशी पोचले की परत पहिल्यापासून.

"ती गुंडी," ते शेवटी म्हणाले, "फिरत नव्हती बहुतेक. मला वाटायचं तशीच असते."

आई काही बोलली नाही. तिने कॅमेरा डोळ्यासमोर धरला, मग लक्षात येऊन छातीशी घेतला आणि पडद्यात बघितलं. अर्धं दाबलं. हिरवा चौकोन बाबांच्या कानापाशी थांबला. पूर्ण दाबलं.

फोटो बरा आलाय. बाबा, खिडकी, हातात लोंबणारी फिल्मची पट्टी, आणि चेहऱ्यावर नेमका त्या पट्टीतून आलेला उजेड. फक्त खालच्या कोपऱ्यात तारीख पडलीय १ जानेवारी २०१४. तारखेचं सेटिंग करायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.